गेमिंगमध्ये एवढा पैसा आहे, मग तो गेम बनवणाऱ्यापर्यंत का पोहोचत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांनी नोकऱ्या सोडून पीसीसाठी गोष्टीचा गेम करायला घेतला आहे, वीस मिनिटांचा डेमो तयार आहे आणि साठवलेले पैसे संपत आले आहेत. वर्तमानपत्रांत भारतीय गेमिंगच्या हजारो कोटींच्या बातम्या येतात, राज्याचं धोरण आलं, केंद्राची संस्था निघाली. मग तुमच्यासारख्यांना पैसे कुठे मिळतात? आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या बंदीनंतर या धंद्याची नेमकी अवस्था काय आहे?

मी आधी आउटसोर्सिंगच्या स्टुडिओत आर्टिस्ट, मग प्रोड्युसर म्हणून काम केलं आणि आता छोटा स्टुडिओ चालवतो. त्यामुळे जे सांगतो आहे ते पगाराच्या तारखेला घाम फुटलेल्या माणसाचं सांगणं आहे, अहवाल लिहिणाऱ्याचं नाही.

आधी एक वेगळं करून घ्या. ‘भारतीय गेमिंग उद्योग’ म्हणून जे आकडे छापून येतात, त्यांत तीन निरनिराळे धंदे एकाच पोत्यात भरलेले असतात. एक, पैसे लावून खेळायचे खेळ: फँटसी क्रिकेट, रमी, पोकर. दोन, परदेशी कंपन्यांसाठी केलेलं कंत्राटी काम. तीन, स्वतःचे गेम. बातम्यांमधला बहुतेक पैसा पहिल्या धंद्याचा होता, बहुतेक नोकऱ्या दुसऱ्यात आहेत, आणि तुम्ही आहात तिसऱ्यात. तिन्हींचं गुंतवणुकीचं गणित एकमेकांशी जुळत नाही.

पहिल्या धंद्यावर फार वेळ घालवत नाही, पण तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ड्रीम११ २००८ साली मुंबईत सुरू झाली आणि २०१९ मध्ये अब्ज डॉलर मूल्यांकनाच्या रांगेत जाऊन बसली. गुंतवणूकदाराला हा धंदा का आवडला ते उघड आहे. माणूस खेळात पैसे टाकतो, कंपनी त्यातून आपलं कमिशन कापते, म्हणजे पहिल्या दिवसापासून महसूल. आर्टला खर्च जवळजवळ नाही, गोष्ट लिहायची नाही, दोन-तीन वर्षं अंधारात काम करायचं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कमिशनऐवजी खेळाडूनं भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला तेव्हा पहिला धक्का बसला. दुसरा धक्का शेवटचाच ठरला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावायचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांना असे व्यवहार करायला मनाई. काही दिवसांत भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ चं नाव गेलं. नझारासारखी शेअर बाजारात नोंदलेली कंपनीही यातून सुटली नाही; पोकरबाझी चालवणाऱ्या मूनशाइनमध्ये तिनं २०२४ मध्येच जवळपास निम्मा हिस्सा घेतला होता.

त्यानंतर मी प्रत्येक परिषदेत एक वाक्य ऐकतो: ‘आता तो सगळा पैसा खऱ्या गेमकडे वळेल.’ मला तसं वाटत नाही. तो पैसा गेमसाठी आलेलाच नव्हता, कमिशनसाठी आला होता. कमिशन गेलं की तो दुसरं कमिशन शोधेल. त्याला तुमच्या गोष्टीत रस उत्पन्न होण्याचं काही कारण नाही. बंदीमुळे इकडे आली ती माणसं. लाखो खेळाडू एकाच वेळी सांभाळणारे सर्व्हर इंजिनिअर, खेळाडू कधी सोडून जातो याचा माग काढणारे डेटावाले एकाच आठवड्यात बाजारात आले, आणि फुकट खेळता येणारे मोबाइल गेम करणाऱ्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो आहे. तुमच्या पीसी गेमला तितकासा नाही. उलट ईस्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, स्पर्धांना आणि कार्यक्रमांना या कंपन्यांचं जे प्रायोजकत्व मिळायचं ते आटलं, हा झालेला तोटा. कायदा ईस्पोर्ट्स आणि साध्या ऑनलाइन खेळांना उत्तेजन द्यायचंही म्हणतो, पण ते उत्तेजन अजून पैशाच्या रूपात तुमच्या-माझ्या खात्यात दिसलेलं नाही.

आता व्हेंचर कॅपिटल, म्हणजे हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत पैसे लावणारे फंड. २०२० मध्ये ल्युमिकाय नावाचा फक्त गेमिंग आणि त्याच्या आसपासच्या क्षेत्रासाठीचा फंड भारतात उभा राहिला, ही खरोखर मोठी गोष्ट होती, कारण त्याआधी गेम म्हणजे काय इथपासून समजवावं लागायचं. पण फंड कोणाचाही असो, त्याचं घड्याळ ठरलेलं असतं. सात-आठ वर्षांत पैसे काही पटींनी परत करायचे असतात, आणि दहा गुंतवणुकांपैकी एक-दोन प्रचंड चालल्या तरच ते जमतं. त्यांना कंपनी विकत घ्यायची असते, एक गेम नव्हे. आपल्याकडची यशस्वी उदाहरणं बघा. बेंगळुरूची मूनफ्रॉग, ‘तीन पत्ती गोल्ड’वाली: २०२१ मध्ये तिचा सुमारे ९१ टक्के हिस्सा स्टिलफ्रंटनं ९ कोटी डॉलरला घेतला. त्याच वर्षी, बेंगळुरूचीच प्लेसिंपल: शब्दकोडी करणारी कंपनी, ग्राहक मुख्यतः अमेरिकेत, एमटीजीनं सुरुवातीलाच ३६ कोटी डॉलर मोजले. दोन्ही खरेदीदार स्टॉकहोमचे, दोन्ही कंपन्या मोबाइलवरच्या, दोघींचे गेम वर्षानुवर्षं रोज थोडे थोडे कमावणारे. नवी मुंबईचा ‘ल्युडो किंग’ही त्याच जातीचा. तुमचा गेम एकदा विकला जातो, पहिल्या महिन्यात बरीच कमाई होते, मग सेलमध्ये थेंब थेंब. तो वाईट धंदा आहे असं नाही. व्हेंचर कॅपिटलच्या साच्यात बसणारा नाही, एवढंच. तेव्हा त्यांच्या दारात सहा महिने घालवू नका. भेटा, ओळख ठेवा, पण त्या ईमेलांच्या भरवशावर पगार ठरवू नका.

बँकेचं काय, असं नवखे लोक हमखास विचारतात. माझ्या खात्याच्या शाखेत कर्जासाठी गेलो होतो तेव्हा अधिकाऱ्यानं मन लावून सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘बरोबर आहे, पण माल कुठे ठेवता?’ ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या अर्जात गोदामाचा पत्ता, स्टॉक स्टेटमेंट आणि येणी असे रकाने होते. अर्धवट झालेल्या गेमचा सोर्स कोड त्यांतल्या एकाही रकान्यात जात नव्हता. तारणाशिवाय कर्जासाठी सरकारी हमी योजना आहे, सीजीटीएमएसई, आणि तिची मर्यादा ५ वरून १० कोटींवर नेलेली आहे. पण हमी मिळाली तरी बँक परतफेड कशातून होणार ते बघतेच. कंत्राटी कामाचे नियमित पैसे येत असतील तर त्यांच्या जोरावर कर्ज निघतं. नुसत्या स्वतःच्या गेमवर मी तरी निघालेलं पाहिलेलं नाही.

म्हणून सगळे शेवटी दुसऱ्या धंद्याकडे येतात. त्याला नाक मुरडू नका. आपल्याकडचा गेम उद्योग म्हणजे जगाच्या दृष्टीनं मुख्यतः हाच आहे. बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ सालची. तिथून निघालेल्या माणसांनी पुढे अर्धा उद्योग उभा केला. ती आधी स्वीडनच्या स्टारब्रीझकडे आणि २०१९ मध्ये ७९ लाख डॉलरला ‘जीटीए’वाल्या रॉकस्टारकडे गेली. गुरुग्रामची लक्ष्य डिजिटल २०१४ मध्ये आयर्लंडच्या कीवर्ड्सनं घेतली. पुण्यात फ्रान्सची युबिसॉफ्ट २००८ पासून आहे, ब्रिटनची सुमो त्याच्याही आधीपासून. जगातल्या मोठमोठ्या गेममधल्या गाड्या, इमारती, झाडं, चिलखतं आपल्या मुलांनी केलेली आहेत. नाव क्रेडिटच्या शेवटच्या पानावर येतं, कधी येतही नाही, पण डॉलरमध्ये बिल फाटतं आणि वेळेवर पैसे मिळतात.

अडचण दुसरीच आहे. हे काम यादीच्या रूपात येतं: इतक्या गाड्या, इतके पॉलिगॉन, या तारखेला. त्यामुळे आपल्याकडे थ्रीडी आर्टिस्ट हवे तितके आणि उत्तम तयार झाले. पण खेळाडूला तिसऱ्या मिनिटाला कंटाळा का येतो हे शोधून काढणारा डिझायनर, आणि अर्धा गेम फेकून द्यायचा निर्णय वेळेत घेणारा प्रोड्युसर तयार होण्याइतकं काम इथे झालंच नाही, कारण ते निर्णय गिऱ्हाइकाच्या देशात होतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकचं काम युबिसॉफ्टनं पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, ट्रेलरवर जगभर टीका झाली, आणि मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. त्यावर इथल्या पोरांना नावं ठेवणारे खूप भेटले. मला विचाराल तर एवढं मोठं जहाज हाकायचा अनुभव मिळण्यासाठी आधी मधल्या आकाराची दहा जहाजं इथे बांधली गेलेली असावी लागतात, आणि ती बांधायला कोणी पैसेच दिले नव्हते.

माँट्रियलचा उल्लेख आला आहे तर तेही सांगतो. ते शहर गेमचं शहर आपोआप झालं नाही. क्वेबेक प्रांतानं १९९६ मध्ये मल्टिमीडियासाठी करसवलत आणली, युबिसॉफ्ट १९९७ मध्ये तिथे गेली. पुढे बरीच वर्षं कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या ३७.५ टक्क्यांपर्यंत रक्कम स्टुडिओला परत मिळत असे. ब्रिटननं २०१४ मध्ये गेमसाठी करसवलत सुरू केली, जर्मनीनं २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गेमनिर्मितीसाठी ५ कोटी युरो बाजूला काढले. तपशील वेगवेगळे असले तरी गाभा एकच: पैसे गेम बनत असताना, पगारावर मिळतात. आणि असं निश्चित येणं कागदावर असलं की त्याच्यावर बँकही कर्ज देते.

आता आपल्या सरकारकडे वळू. गेल्या काही वर्षांत काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृती दलाची घोषणा झाली, त्याच वर्षी अहवाल आला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मुंबईत राष्ट्रीय केंद्राला मंजुरी दिली. तीच आजची आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज), सुमारे ४०० कोटींची तरतूद, गोरेगावच्या चित्रनगरीत कायमची जागा. मे २०२५ मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाची वेव्हज परिषद झाली, तिच्या आधी निर्मात्यांसाठी एक अब्ज डॉलरच्या फंडाची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं स्वतंत्र धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटींचा. कर्नाटक तर या बाबतीत आपल्या बरंच पुढे आहे. त्यांचं पहिलं धोरण २०१२ चं, आता तिसरं चालू आहे.

या सगळ्यातला पैसा कशावर खर्च होतो ते बारकाईनं वाचा. जागा, पार्क, लॅब, प्रशिक्षण. म्हणजे इमारती आणि विद्यार्थी. २०२६ च्या अर्थसंकल्पात तर १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत प्रयोगशाळा काढायचं म्हटलं आहे. शाळेतली पोरं गेम करायला शिकली तर मला आनंदच आहे. पण शिकून ती जाणार कुठे? फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्स आणि ॲनिमेशन करणारी परदेशी कंपनी टेक्निकलर कोसळली तेव्हा बेंगळुरू-मुंबईतले हजारो अनुभवी लोक एका दिवसात रस्त्यावर आले. माझ्याकडे तेव्हापासून येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये दहा-दहा वर्षांचे आर्टिस्ट फ्रेशरच्या पगारावर यायला तयार असतात. टंचाई शिकलेल्या माणसांची नाही, त्यांना काम देणाऱ्या गेमची आहे. साधा हिशेब करा: वर्षाला फक्त ४० कोटी थेट निर्मितीसाठी ठेवले आणि एका गेमला ५० लाख दिले, तर दरवर्षी ८० गेम उभे राहतात. त्यांतले साठ पडतील, पडू देत. उरलेल्या वीस स्टुडिओंत जे डिझायनर तयार होतील ते कुठल्याही लॅबमध्ये तयार होणार नाहीत.

मराठी सिनेमाला राज्य सरकार दर्जानुसार अनुदान देतंच. ते सिनेमा तयार होऊन परीक्षण झाल्यावर मिळतं, म्हणजे आधी कुणीतरी घर गहाण ठेवलेलं असतं. गेमसाठी तशीच पद्धत उचलली तर उपयोग नाही, कारण गेमचा मरणाचा काळ मधला असतो: प्रोटोटाइप आवडलेला असतो, रिलीज दीड वर्ष लांब असतो. त्यात भर म्हणजे आपला विषय नेमका कोणाच्या टेबलावर आहे याचाच घोळ. डिसेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आणि ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. ॲनिमेशनसोबतचा गेम विकास माहिती व प्रसारण खात्याकडे आहेच. एका अर्जासाठी तीन खिडक्या.

बरं, आता तुमच्या खिशाचं बोलू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून बघा.

चौघांत तुमचा गेम पूर्ण होणार नाही, आठ जण लागतील असं धरू. सरासरी ७०,००० रुपये महिना, दोन वर्षं: १ कोटी ३४ लाख. संगीत, आवाज, टेस्टिंग, भाषांतर, मशीन, भाडं, सीए, दोन परदेशी प्रदर्शनं आणि थोडं मार्केटिंग धरलं की जवळपास २ कोटी. हा जगाच्या मानानं अतिशय स्वस्त गेम आहे. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, अमेरिकेत १५ डॉलर किंमत लावाल, म्हणजे तेराशे रुपयांच्या आसपास. पण निम्म्याहून जास्त प्रती सेलमध्ये आणि कमी किमतीच्या देशांत विकल्या जातात. भारत त्यांतलाच एक. कर आणि रिफंड वजा करा, उरलेल्यातले ३० टक्के स्टीमचे. हातात प्रतीमागे ४०० रुपये आले तरी बरं म्हणायचं. २ कोटी भागिले ४०० म्हणजे ५०,००० प्रती. एवढ्या विकल्यावर तुम्ही शून्यावर येता.

हे २ कोटी पब्लिशरनं, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीनं, दिले असं समजा. आता करारातलं एक कलम नीट वाचा, कारण सगळी गोम तिथे असते. पब्लिशर म्हणतो, आमचे पैसे वसूल झाले की पुढचं निम्मं-निम्मं. ऐकायला ठीक वाटतं. पण वसुली कशातून? येणाऱ्या सगळ्या पैशातून होणार असेल तर ५०,००० प्रतींनंतर तुम्हाला पहिला रुपया दिसेल. वसुली फक्त तुमच्या निम्म्या वाट्यातून होणार असेल तर प्रतीमागे २०० रुपयेच फिटतात, म्हणजे १,००,००० प्रती. तेवढ्या काळात पब्लिशर मात्र पहिल्या प्रतीपासून आपलं निम्मं घेत बसलेला असतो. दोन्ही करारांच्या पहिल्या पानावर ‘५०-५०’ असंच छापलेलं असतं. त्यात मार्केटिंगचा खर्चही वसुलीत धरला असेल आणि त्याला कमाल मर्यादा नसेल तर ती रेषा तुम्ही पळाल तितकी पुढे सरकत राहते. मर्यादा आकड्यात लिहून घ्या. माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, दिल्यावर पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मंजूर धरला जाईल, हे वाक्य घाला. त्यांच्या माणसाच्या सुट्टीपायी तुमचे पगार अडकता कामा नयेत. गेम मध्येच बंद केला तर हक्क तुमच्याकडे परत यायला हवेत. पुढच्या भागावर पहिला हक्क मागतील, तो द्या, पण मुदत घालून.

मग पैसे कुठून? आपल्याकडे पूर्ण झालेल्या गेमांचा रस्ता बघितला तर सहसा एकाच दारातून सगळे मिळालेले नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ घ्या. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करायचा प्रयत्न फसला. मग एपिक कंपनीकडून तिच्या अनरियल या गेम बनवायच्या इंजिनसाठीचं अनुदान, परदेशी पब्लिशर, आणि २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विचवर, नंतर बाकी सगळीकडे रिलीज. त्याच वर्षी गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन. गोष्ट आपल्या देवादिकांची, पैसा बाहेरचा. ‘वेन्बा’ तर तमिळ घरातला गेम, पण झाला टोरोंटोत, आणि पदार्पणाचा बाफ्टा, हा ब्रिटनचा मोठा पुरस्कार, २०२४ मध्ये तिथे गेला. हे वाचून हळहळू नका. यातला धडा व्यवहाराचा आहे. तुमचा पहिला खरेदीदार बहुधा भारताबाहेर असेल, तेव्हा पिच डेक, म्हणजे गेमचं सादरीकरण, त्याला कळेल अशी करा आणि स्टीमच्या पानावर विशलिस्ट, म्हणजे गेम घ्यायची इच्छा नोंदवणारे लोक, आजपासून गोळा करायला लागा. डेमो असूनही पान उघडलं नसेल तर आज संध्याकाळी उघडा. पब्लिशर डेमोच्या आधी विशलिस्टचा आकडा विचारतो.

दारं म्हणाल तर अशी. सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट २०२३ पासून आहे: निवड कडक, पण पैशाबरोबर डेव्हकिट (गेम बनवून तपासायचं खास यंत्र), मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर जागा मिळते. ‘पब्जी’वाल्या क्राफ्टनचा इनक्युबेटर, म्हणजे नव्या स्टुडिओंना हात देणारा कार्यक्रम, तोही २०२३ चा. त्यांच्याबद्दल लोक साशंक असतात, कारण ‘पब्जी’ २०२० मध्ये आणि ‘बीजीएमआय’ २०२२ मध्ये एका रात्रीत बंद झाल्याची आठवण आहे. पण त्या कंपनीनं २०२५ मध्ये पुण्याच्या नॉटिलसमध्ये, म्हणजे ‘रिअल क्रिकेट’वाल्यांत, नियंत्रण मिळवण्याइतका हिस्सा घेतला आहे. इतकी गुंतवणूक केलेला माणूस लगेच गाशा गुंडाळत नाही, असं माझं मत. एपिकची मेगाग्रँट्स योजना अनरियल वापरत असाल तर नक्की बघा.

स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना गेमवाल्यांना फारशी माहीत नसते. २०२१ मध्ये ९४५ कोटींची, चार वर्षांसाठी म्हणून सुरू झाली. प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, त्यापुढे ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांतून. पैसे थेट नाही, मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत मिळतात, म्हणून योजना अजून चालू आहे का आणि कोणाकडे अर्ज घेणं सुरू आहे ते आधी विचारा. अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. अनेक मित्रांनी उत्साहाच्या भरात कंपनी आधी नोंदवली, मग दोन वर्षं प्रोटोटाइपच करत बसले, आणि अर्जाला गेले तेव्हा दार बंद. मुलाखतीला बसलेल्या मंडळींपैकी कुणी गेम खेळलेला असेलच असं नाही. तिथे गोष्ट सांगू नका, तंत्रज्ञान आणि विक्रीचं गणित सांगा.

आणि कंत्राटी काम. चौघांपैकी दोघांनी वर्षभर ते करा, दोघांनी गेम. उलटसुलट नाही. प्रत्येकानं अर्धा दिवस इकडे, अर्धा तिकडे असं ठरवलं की महिनाभरात सगळे गिऱ्हाइकाचंच काम करताना सापडतात, कारण ओरडणारा तोच असतो. रिटेनरवरचं, म्हणजे दरमहा ठरलेले पैसे देणारं, काम बघा, एकरकमी नको. गिऱ्हाइक एकच असेल तर त्याच्या देशात मंदी आली की तुमचं दुकान बंद, हे कोसळलेल्या स्टुडिओंनी दाखवलंच आहे.

कागदपत्रांचं दोन ओळींत. परदेशी बिलांवर जीएसटी लागू नये म्हणून आर्थिक वर्ष सुरू होताच एलयूटी, म्हणजे निर्यातदाराचं हमीपत्र, भरा. मे महिन्यात आठवण होणारे खूप आहेत. स्टीमचा कराचा फॉर्म पॅन घालून नीट भरा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीच्या तुमच्या वाट्यातून ३० टक्के कापले जातात. भारत आणि अमेरिकेमधला कर करार लागू झाला की १५. कापलेल्याचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घ्यायला सीएला सांगा, आणि त्याला स्टीम म्हणजे काय ते आधी समजवा. पेमेंट गेटवेनं अर्ज अडवला तर घाबरू नका. बंदीनंतर गेमशी संबंधित सगळ्यांना ते सट्टेवाल्यांच्याच जोखमीच्या वर्गात टाकतात. गेममध्ये पैसे लावायची किंवा काढायची सोय नाही असं पत्र जोडलं की बहुतेक वेळा सुटतं.

माझ्या हातात तुमचा डेमो असता तर मी आधी गेम लहान केला असता. दोन वर्षांचा चौदा महिन्यांवर आणला असता, आठाचे पाच लोक केले असते. मग तुमची गरज २ कोटींवरून ८०-९० लाखांच्या आसपास येते, आणि हा आकडा अनुदान, थोडं कंत्राटी काम आणि लहान पब्लिशर मिळून भरून निघण्यासारखा आहे. २ कोटींचा भारतीय पहिला गेम बहुतेक पब्लिशरांना भीतीदायक वाटतो, ८० लाखांचा परवडणारा जुगार वाटतो. नोव्हेंबरच्या सुमारास होणाऱ्या आयजीडीसीला, म्हणजे भारतातल्या गेम डेव्हलपरांच्या परिषदेला, तोच छोटा आराखडा घेऊन जा. तिथे पब्लिशरांच्या वीस-वीस मिनिटांच्या भेटी आधी ठरवाव्या लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत. भेटीत पहिली पाच मिनिटं बोलू नका. कंट्रोलर त्याच्या हातात द्या आणि तो कुठे अडतो ते लिहून घ्या.

हे सगळं करण्याआधी एक काम या आठवड्यात उरका. चौघांत लेखी करार करा: कोणाचा किती हिस्सा, तो किती वर्षांत पक्का होणार, आणि कोणी मध्येच सोडून गेलं तर त्यानं केलेला कोड आणि आर्ट कंपनीचा राहणार. पब्लिशरचा वकील पहिल्याच ईमेलमध्ये हा कागद मागतो, आणि त्या वेळी चौघांपैकी एक जण कॅनडाला गेलेला असतो.